विश्लेषण : ‘थिन क्लायंट’ स्वस्त, मग संगणक कक्ष महाग का? शहापूर-मुरबाडचा हिशेब

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला मोफत सुरक्षा सुधारणा देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. साधारण २०१८ पूर्वीच्या पिढीतील प्रोसेसर असलेले बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र चालू आहे, पडदा दिसतो, कीबोर्ड चालतो. पण प्रणाली ‘जुनी’ झाली. मुंबईतल्या कंपनीला हा एका खरेदीचा विषय असतो. शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांत शाळा, पतपेढी, टायपिंग इन्स्टिट्यूट किंवा विविध कार्यकारी सोसायटीसाठी तो पाच-सात वर्षांतून एकदा मिळणाऱ्या निधीचा प्रश्न ठरतो. यावर एक जुनाच उपाय पुन्हा चर्चेत आहे तो ‘थिन क्लायंट’चा. त्याची यंत्रे स्वस्त असतात, वीजही कमी लागते. तरीही तो ग्रामीण भागात म्हणावा तसा रुजलेला नाही. त्याचे मोठे कारण खोक्यात दिसत नाही. ते सॉफ्टवेअरच्या परवान्यात, म्हणजे रोजच्या भाषेत ‘लायसन्स’मध्ये आहे.

थिन क्लायंट म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या संगणकात प्रोसेसर, मेमरी, डिस्क हे सगळे प्रत्येक टेबलावर असते. थिन क्लायंट पद्धतीत खरे काम कोपऱ्यातला एक ताकदवान संगणक, म्हणजे सर्व्हर करतो. विद्यार्थ्यासमोर फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि वहीएवढी एक डबी असते. ती डबी सर्व्हरवरचे चित्र पडद्यावर आणते आणि बोटांची हालचाल सर्व्हरकडे पोहोचवते. गिरणी एक आणि दळण दहा घरांचे, असा हा प्रकार. जुना संगणकही डिस्क काढून असा ‘क्लायंट’ म्हणून वापरता येतो. विंडोज १० चा प्रश्न उभा राहिल्यावर या पद्धतीची आठवण होते ती त्यामुळेच.

ग्रामीण ठाण्यात ही पद्धत सोयीची का वाटते?

पहिले कारण वीज. ढोबळ हिशेब असा : दहा साधे डेस्कटॉप प्रत्येकी १०० वॉट आणि मॉनिटर २० वॉट धरले तर कक्षाला १,२०० वॉट लागतात. दहा डब्या प्रत्येकी १० वॉट, तेवढेच मॉनिटर आणि २०० वॉटचा सर्व्हर धरला तर बेरीज ५०० वॉटवर येते. पावसाळ्यात माळशेजच्या पायथ्याशी किंवा कसाऱ्याकडच्या पाड्यांत वीज गेली की हा फरक कळतो. इन्व्हर्टरवर कक्ष अर्धा तास चालणार की तासाची तासिका पूर्ण होणार, हे त्यावर ठरते.

दुसरे कारण दुरुस्ती. मुरबाडला अजून रेल्वे नाही. शहापूरला आसनगाव स्थानक जवळ असले तरी आतल्या गावांपर्यंत रस्त्यानेच जावे लागते. कल्याण किंवा ठाण्याहून तंत्रज्ञ बोलवायचा तर त्याचा दिवस जातो. दहा संगणकांवर दहा वेळा तीच दुरुस्ती करण्यापेक्षा एका सर्व्हरवर एकदा करणे परवडते. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. एक डेस्कटॉप बिघडला तर नऊ चालतात. सर्व्हर बसला की सगळा वर्ग बसतो. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

या दोन तालुक्यांना डिजिटल प्रयोग नवे नाहीत. शहापूरमधील पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव दशकापूर्वी ‘डिजिटल शाळा’ म्हणून राज्यभर झाले. मुरबाडमधील धसई हे डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाले. दोन्ही वेळी बातम्या यंत्रांच्या झाल्या. सॉफ्टवेअरचे वार्षिक बिल हा बातमीचा विषय कधीच नसतो.

मग अडते कुठे?

दुकानातून विंडोजसह घेतलेल्या संगणकाचा परवाना त्या यंत्राला चिकटलेला असतो आणि एका वेळी एकाच माणसाने वापरावा, ही त्याची अट असते. त्याच संगणकावर एकाच वेळी दहा विद्यार्थी बसवले तर तांत्रिकदृष्ट्या ते जमवता येते, पण परवान्यात ते बसत नाही. अनेकांनी एकाच यंत्रावर काम करायचे असेल तर विंडोज सर्व्हर लागतो आणि तिथे मोजणी तीन थरांची असते. सर्व्हरच्या प्रोसेसरमधील कोअरच्या संख्येनुसार मूळ परवाना. त्यावर, सर्व्हरला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रासाठी किंवा माणसासाठी ‘कॅल’ हा प्रवेश परवाना. आणि त्याच्यावर, दुरून पडदा वापरण्यासाठी आणखी एक, ‘आरडीएस कॅल’. नाट्यगृहाचे भाडे, खुर्चीचे तिकीट आणि पुन्हा पडदा उघडण्याचे तिकीट, असा हा मामला आहे.

यात शाळांसाठी एक खाचखळगा आहे. कॅल ‘यंत्रामागे’ किंवा ‘माणसामागे’ घेता येतो. दहा टेबलांवर पाळ्यापाळ्याने ३०० विद्यार्थी बसत असतील तर यंत्रामागचे १० परवाने पुरतात. कागदावर चुकून ‘माणसामागे’ लिहिले गेले तर नियमाने ३०० लागतात. पतपेढीत उलटे होऊ शकते. तिथे चार कर्मचारी कार्यालयातला संगणक, घरचा लॅपटॉप आणि मोबाइल असे तिन्ही वापरत असतील तर माणसामागचा परवाना स्वस्त पडतो. दरपत्रकात या दोन ओळींमध्ये फरक एका शब्दाचा असतो.

दुसरा खळगा मुदतीचा. आरडीएस कॅल न भरताही ही सेवा १२० दिवस विनातक्रार चालते. नंतर सर्व्हर नव्या जोडण्या नाकारतो. देखभालीपुरत्या दोन तेवढ्या उरतात. १५ जूनला शाळा उघडली आणि त्याच दिवशी कक्ष सुरू झाला, तर हे १२० दिवस १३ ऑक्टोबरला भरतात. म्हणजे पहिले सत्र सुरळीत पार पडते, कामाचे देयकही तोवर निघालेले असू शकते, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले कक्षात येतात तेव्हा पडद्यावर चूक दाखवणारी चौकट असते. वर्ग दोनच टेबलांवर चालतो किंवा कोणीतरी ‘जुगाड’ करून देतो. त्या जुगाडाची कायदेशीर जबाबदारी मात्र संस्थेच्या नावावर राहते.

ऑफिससारख्या सॉफ्टवेअरची गोष्टही अशीच. सर्व्हरवर एक प्रत बसवली म्हणून एक परवाना पुरत नाही. किरकोळ दुकानातली प्रत अशा सामायिक सर्व्हरवर चालण्यासाठी नसते. त्यासाठी संस्थात्मक परवाना लागतो आणि तो जोडलेल्या प्रत्येक यंत्रामागे मोजला जातो. हिशेबाच्या टॅलीतही एका वापरकर्त्याच्या ‘सिल्व्हर’ आणि अनेक वापरकर्त्यांच्या ‘गोल्ड’ परवान्याच्या किमतीत सुमारे तिपटीचा फरक आहे. डबी जेवढी स्वस्त होत गेली, तेवढा एकूण खर्चातला परवान्याचा वाटा वाढत गेला.

‘एक संगणक, अनेक विद्यार्थी’ हा प्रयोग आधी झाला नव्हता का?

झाला होता, आणि मोठ्या प्रमाणावर. एनकम्प्युटिंग या कंपनीच्या जोडण्या एका साध्या संगणकात कार्ड बसवून त्यावर आणखी तीन ते पाच जणांना काम करू देत. २००८ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशने सुमारे पाच हजार शाळांत या पद्धतीची सुमारे ५० हजार आसने बसवण्याचा निर्णय घेतला. यंत्रांचा खर्च एकदम खाली आला. पण विंडोज एक्सपीचा परवाना एका वेळी एकाच माणसासाठी होता, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या बाजूने ही जोडणी अवघडलेली राहिली.

मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये खास शाळांसाठी ‘विंडोज मल्टिपॉइंट सर्व्हर’ आणला तो याच पार्श्वभूमीवर. पुढच्या आवृत्त्या आल्या, २०१६ च्या सर्व्हरमध्ये ही सोय अंगभूत झाली आणि २०१९ च्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. विंडोज सर्व्हर २०१६ चा आधार १२ जानेवारी २०२७ पर्यंतच आहे. स्वस्त शालेय कक्षासाठी उघडलेले दार कंपनीने स्वतःच बंद केले, असे याचे वर्णन करणे चूक ठरणार नाही.

परवान्याची किंमत ही उत्पादनखर्चापेक्षा धोरणाने ठरते, याचे उदाहरण मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात सापडते. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये खैरात-धनगरवाड्याच्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर लिनक्स होते. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्याच यंत्रासाठी विंडोज एक्सपी तीन डॉलरला देऊ केले. बाजारात कितीतरी पट किमतीला विकली जाणारी वस्तू, स्पर्धक समोर आल्यावर तीन डॉलरची झाली.

शाळेच्या अनुदानात हे बसते का?

समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांसाठी संगणक कक्षाचे निकष आहेत : उभारणीसाठी कमाल ६ लाख ४० हजार रुपये एकदा, आणि चालवण्यासाठी पाच वर्षे दरवर्षी कमाल २ लाख ४० हजार रुपये. विशेष म्हणजे निकषांत थिन क्लायंटसारखी रचना स्पष्टपणे आहे. एकीकडे टॅब, लॅपटॉप अशा साधनांसोबत मुक्त स्रोत प्रणालीचा उल्लेख आहे, तर दुसरीकडे किमान १६ जीबी मेमरीचा सर्व्हर आणि त्याला जोडलेले मॉनिटर-कीबोर्ड-माउसचे ‘नोड’ असा पर्याय आहे. धोरणाचा अडथळा नाही, हे त्यातून दिसते.

अडथळा दुसऱ्या आकड्यात आहे. वर्षाला २ लाख ४० हजार म्हणजे महिन्याला २० हजार. त्यातच वीज, इंटरनेट, डिजिटल साहित्य आणि संगणक शिक्षकाचे मानधन बसवायचे. सॉफ्टवेअर एकदाच विकत घेतले तर ते ६ लाख ४० हजारांतून जाते. भाड्याने घेतले तर ते थेट शिक्षकाच्या मानधनाशी स्पर्धा करते. राज्यातील संगणक शिक्षकांची मानधनासाठीची आंदोलने पाहता या स्पर्धेत कोण हरते, हे सांगायला नको. पाच वर्षांनंतर वार्षिक मदत थांबली की भाड्याचे सॉफ्टवेअरही थांबते. तुटका माउस बदलता येतो, संपलेले भाडे मात्र पुन्हा भरावेच लागते.

क्लाउडवरचा भाड्याचा संगणक कसा?

सर्व्हर शाळेत न ठेवता कंपनीच्या क्लाउडवर ठेवायचा, हा नवा प्रकार. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी ‘विंडोज ३६५ लिंक’ ही स्वतःची डबी ३४९ डॉलरला आणली. संगणकाचे मासिक भाडे वेगळे. एकाच विंडोज ११ वर अनेकांनी बसण्याची सोयही कंपनीने मुख्यतः स्वतःच्या क्लाउडपुरतीच ठेवली आहे. व्हीएमवेअर कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेल्यावर तिथले कायमस्वरूपी परवाने बंद होऊन सर्व काही वर्गणीवर आले. तालुक्याच्या पातळीवर याचा विचार फार करण्याची गरज नाही : खासगी क्लाउडचे भाडे आणि दिवसभर स्थिर राहणारे इंटरनेट या दोन्ही गोष्टी एकत्र जमणाऱ्या संस्था इथे मोजक्याच सापडतील.

लिनक्स फुकट आहे, मग ते का नाही?

तांत्रिकदृष्ट्या उत्तर सोपे आहे. ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ हे सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे. जुने संगणक नेटवर्कवरून सुरू करून, डिस्कशिवाय चालवण्याचे काम ते करते. त्याला ना कोअरची मोजणी, ना डोक्यांची. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली मराठीत चालते. लिबर ऑफिस शिकवणारे मराठी ध्वनी-पाठ आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

केरळने हे करून दाखवले. तिथल्या शाळांत दोन लाखांहून अधिक संगणक मुक्त प्रणालीवर चालतात आणि त्यामुळे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा ‘काइट’ या सरकारी यंत्रणेने २०१९ मध्ये केला. हा आकडा जपून घ्यावा. भागाकार केला तर संगणकामागे दीड लाख रुपये येतात, म्हणजे यंत्राहून कितीतरी जास्त. आणि छापील किमतीला सगळे सॉफ्टवेअर कोणतेच सरकार घेत नाही. केरळचे बहुतेक संगणक थिन क्लायंटही नाहीत. तरी त्या राज्याने केलेली एक गोष्ट महत्त्वाची : पाठ्यपुस्तक, शिक्षक प्रशिक्षण आणि दहावीची संगणक परीक्षा या तिन्ही गोष्टी एकाच प्रणालीवर आणल्या.

महाराष्ट्रात नेमकी इथेच गाठ आहे. शहापूर किंवा मुरबाडचा बारावी झालेला मुलगा लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करतो तेव्हा त्याच्याकडे मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट गतीचे टंकलेखन प्रमाणपत्र मागितले जाते. ते परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेतून मिळते आणि तयारी विंडोजवर होते. सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमातही विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस हेच मध्यभागी आहे. टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्याने लिनक्स बसवले तर परवान्याचे पैसे वाचतील, पण विद्यार्थी शेजारच्या इन्स्टिट्यूटमध्ये जातील. त्यात त्याला दोष देता येणार नाही.

मराठी फॉन्टचा जुना प्रश्नही आहेच. युनिकोड येण्यापूर्वीच्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झालेले दाखले, ठराव, प्रश्नपत्रिका आजही कार्यालयांत आहेत. अशा सॉफ्टवेअरला अनेकदा यूएसबी कुलूप लागे. एक कुलूप, एक संगणक. दहा पडद्यांसाठी एकच सर्व्हर असला की हे कुलूप कोणाचे, हा प्रश्न पडतो. युनिकोड मराठीला कोणताच परवाना लागत नाही, पण रेमिंग्टनवर बसलेली बोटे इनस्क्रिप्टवर आणायला महिने जातात. हा खर्च कोणत्याही दरपत्रकात नसतो.

पतपेढ्या आणि सोसायट्यांचे काय?

इथे किमतीतला भेद ठळक आहे. विंडोज १० ची सुरक्षा पैसे देऊन तीन वर्षे वाढवता येते. संस्थात्मक परवाना घेणाऱ्या शाळांसाठी दर संगणकामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर आहे. व्यावसायिक संस्थांसाठी तोच दर ६१, १२२ आणि २४४ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर शाळेला तीन वर्षांचे ६३० रुपये, पतपेढीला ३८,४३० रुपये. पतपेढीच्या दृष्टीने नवा संगणक घेणेच शहाणपणाचे. शाळेने मात्र ६३० रुपयांत तीन वर्षांचा अवधी विकत घ्यावा आणि तोवर पुढचे ठरवावे, हे अधिक व्यवहार्य दिसते. घाईत थिन क्लायंटचा कक्ष उभारण्यापेक्षा तर नक्कीच.

सोसायट्यांचा मार्ग वेगळा आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने जून २०२२ मध्ये ६३ हजार संस्थांकरिता २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. त्यात नाबार्डच्या देखरेखीखाली सर्वांसाठी एकच सामायिक सॉफ्टवेअर आहे. सोसायटीच्या सचिवाने वेगळा परवाना घेण्याची गरज त्यात राहत नाही. ग्रामपंचायतींचे ‘ई-ग्रामस्वराज’ही ब्राउझरमध्येच उघडते. काम जितके ब्राउझरमध्ये सरकते, तितका समोरचा संगणक आपोआप ‘थिन’ होतो आणि त्यावर विंडोज आहे की लिनक्स, याने फरक पडत नाही. थिन क्लायंट हा शब्दही न उच्चारता ती पद्धत या मार्गाने गावात आली आहे. नेटवर्क गेले की कामही थांबते, एवढी जुनी अडचण तिथेही कायम आहे.

कक्षाचे दरपत्रक हाती आले तर काय पाहावे?

यंत्रांची संख्या आणि परवान्यांची संख्या वेगवेगळ्या ओळींत आहे का, हे आधी. आरडीएस कॅलचा उल्लेखच नसेल तर विक्रेत्याने १२० दिवसांच्या सवलतीवर काम भागवण्याची शक्यता धरावी. परवाना संस्थेच्या नावावर आहे की पुरवठादाराच्या, हे कागदावर हवे; कारण करार संपल्यावर यंत्रे शाळेकडे राहतात आणि परवाने पुरवठादाराबरोबर जातात, असे होऊ शकते. शैक्षणिक दर लावला आहे का, तेही विचारावे. सर्वसाधारण दर आणि शैक्षणिक दर यांत मोठे अंतर असते. आश्रमशाळांसाठी, जिथे मुले संध्याकाळीही असतात आणि परीक्षेपेक्षा सरावाला महत्त्व आहे, तिथे आठ जुन्या संगणकांवर लिनक्स आणि टंकलेखन परीक्षेसाठी दोनच विंडोज संगणक, ही मिश्र रचना सर्वांत कमी खर्चाची पडेल. मात्र ती निविदेत बसवताना ‘सर्व संगणक एकसारखे’ ही नेहमीची अट काढावी लागते.

आणि मुदत. २०२६ मध्ये पाच वर्षांचा करार झाला तर तो २०३१ पर्यंत चालेल. विंडोज १० चा विकतचा आधारही ऑक्टोबर २०२८ मध्ये संपणार आहे. मधल्या काळात नवी प्रणाली, नवे कॅल यांचे पैसे पुरवठादार देणार, जिल्हा परिषद देणार की शाळा, हे करारात लिहिलेले नसेल तर ते बिल मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते, आणि शाळेच्या सादिल खर्चात त्यासाठी रकाना नसतो.